हेडलाइट अंधूक झाले? बल्ब बदलण्याआधी काच तपासा

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना गोरेगावच्या पुढे मुरदोलीचे जंगल लागते. रात्री इथे गाडीचा स्वतःचा प्रकाश हाच आधार. ऑगस्ट २०२३मध्ये याच जंगलात रात्री कारच्या धडकेने एका तरुण वाघाचा जीव गेला. त्या अपघाताचा हेडलाइटशी संबंध होता, असे नाही. पण ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोरचे रानडुक्कर किंवा बिनदिव्याचा ट्रॅक्टर दिसायला एक सेकंद उशीर झाला, तर तेवढे अंतर हातचे गेलेच.

प्रकाश कमी वाटला की बहुतेक जण आधी बल्ब बदलतात. जुन्या गाडीत मात्र दोष अनेकदा बाहेरच्या ‘काचे’चा असतो. ही काच नसतेच. ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. दगड लागला तरी ते सहसा फुटत नाही, पण उन्हातील अतिनील किरणे त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ संरक्षक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षे ऊन खाऊन आणि धुळीने घासून तो झिजला की प्लास्टिक पिवळे, दुधी पडते. विदर्भातल्या उन्हात गाडी कायम उघड्यावर असेल, तर हे लवकर होते.

अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८मध्ये केलेल्या चाचणीत खराब झालेल्या हेडलाइटचा प्रकाश नव्याच्या जेमतेम २० टक्क्यांवर आला होता. काच साफ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परतला. म्हणजे नव्यासारखा नाही, पण फरक मोठा. जास्त वॅटचा बल्ब हा मात्र उपाय नव्हे. दुधी काचेतून तो प्रकाश विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपवतो आणि होल्डर, वायरिंग तापते ते वेगळेच.

घरी काम करायचे तर आधी काच शॅम्पूने धुवून बोट फिरवा. बाहेरून खरखरीत, पिवळट लागली तर ती सुधारेल. आत पाणी साचले असेल किंवा डाग आतून असेल, तर घासून उपयोग नाही. सील फुटलेले असते, ते मेकॅनिकलाच दाखवा. जुन्या जीपला आणि काही ट्रॅक्टरना खरी काच असते, तिला पॉलिश पेपर लावू नका.

भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर आधी १००० नंबरचा, मग २००० आणि जमल्यास ३००० नंबरचा घ्या. पेपर आणि काच सतत ओली ठेवून हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा. पुढच्या नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. सुरुवातीला पांढरट-पिवळे पाणी निघते आणि काच आधीपेक्षा जास्त दुधी दिसते. इथे अनेक जण घाबरून थांबतात. थांबू नका, रबिंग कंपाउंड मऊ कापडाने चोळल्यावर ती पारदर्शक होते. पेट्रोल किंवा थिनर मात्र अजिबात लावू नका, त्याने प्लास्टिकला बारीक भेगा पडतात.

आणि टूथपेस्ट? त्यातील बारीक कणांनी वरचा मळ निघतो, काच चमकते, फोटोही छान येतो. काही आठवड्यांत पुन्हा पहिलेच पाढे, कारण संरक्षक थर परत आलेला नसतो. वॉटर पेपरने घासल्यावर तर उरलासुरला थरही निघून जातो. म्हणून शेवटी हेडलाइटसाठीचा अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट लावणे हेच खरे काम. सावलीत, धूळ उडत नसताना लावा. मळणीच्या दिवसांत अंगणात नको. डब्यावर दिलेल्या वेळेइतका सुकू द्या आणि तोवर गाडी बाहेर काढू नका.

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीम लावून पाहा. दोन्ही बाजूंचा प्रकाश सारख्याच उंचीवर पडला पाहिजे. कमी-जास्त असेल तर गॅरेजमध्ये सेटिंग करून घ्या. साफ झालेली काच वर रोखलेली असेल, तर समोरच्याला आधीपेक्षा जास्त त्रास होतो.