हॉटपॉटमधलं ‘उष्टं’ तेल : चीनमध्ये वाद कशाचा?

चीनमधल्या चोंगछिंग शहरात हॉटपॉट खायला बसलं, की टेबलाच्या मधोमध उकळत्या लाल रश्श्याचं भांडं येतं. त्यात बीफची चरबी, सुक्या मिरच्या आणि सिचुआन मिरी. ही मिरी म्हणजे कोकण-गोव्यातल्या तिरफळाच्याच कुळातली. जीभ तशीच झिणझिणते. कच्चं मांस, भाज्या ज्याने त्याने चॉपस्टिकने बुडवून शिजवायच्या. वजडीला जेमतेम १५ सेकंद पुरतात. जास्त राहिली, की चिवट झालीच.

वाद आहे तो वर तरंगणाऱ्या तेलाचा. जेवण झाल्यावर भांड्यात बरीच चरबी उरते. पूर्वी ती गाळून, पाणी आटवून पुढच्या रश्श्यात घालण्याची पद्धत होती. ‘जुन्या तेलाशिवाय चव नाही’ असं मानणारे खवय्ये आजही आहेत. पण त्यात आधीच्या टेबलावरच्या सगळ्यांच्या चॉपस्टिक बुडालेल्या असतात. आपण ज्याला उष्टं म्हणू, त्याला चिनी लोक ‘लाळेचं तेल’ म्हणतात.

उकळल्यावर जंतू मरतात, मग बिघडलं कुठे? पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल खराब होतं आणि त्यात तयार झालेले घातक घटक उकळून जात नाहीत. अन्न परत गोळा करून त्यापासून नवं अन्न बनवायला चीनच्या अन्नसुरक्षा कायद्याने बंदी आहे. अशा प्रकरणांत हॉटेलचालकांना तुरुंगवासही झाला आहे.

म्हणूनच आता अनेक हॉटेलांत मसालेदार चरबीची सीलबंद वडी गिऱ्हाइकासमोरच फोडून भांड्यात टाकतात. वडी दिसली नाही, तर विचारायला लाजू नये.