मुकुटाखालची अक्षरं

कॉलेजात एन.सी.सी.च्या परेडला ज्यांनी थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेतली आहे, त्यांना तिचं वजन अजून आठवत असेल. चार किलोच्या आसपास! आमची कवायत नागपूरच्या उन्हात चाले. एकदा विश्रांतीत माझ्या रायफलीवर मला मुकुटाचा छाप आणि खाली १९४२ हा आकडा दिसला. ‘विलायती बंदूक’ म्हणून मी घरी फुशारकी मारली. शेजारचे काका आयुध निर्माणीत नोकरीला होते. ते हसले आणि म्हणाले, “अरे, मुकुटाखालचं नाव वाचलंस का?”

पुढच्या रविवारी वाचलं. इशापूर! म्हणजे कोलकात्याजवळ, आपल्याच कामगारांनी घडवलेली.

ही चूक अनेकांची होते. मुकुट राजाचा असतो, कारखान्याचा नव्हे. या रायफलीचा लाकडी दस्ता जिथे पोलादात शिरतो, तिथे उजव्या बाजूला, बोल्टच्या मुठीखाली पाहावं. मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि नमुना एकाखाली एक कोरलेले असतात. नुसतं जी.आर. असेल तर राजा जॉर्ज. इशापूरच्या मालावर जी.आर.आय. असतं. त्यातला आय म्हणजे लॅटिनमधला ‘सम्राट’, हिंदुस्थानचा. एनफील्ड हे लंडनजवळचं गाव, लिथगो ऑस्ट्रेलियातलं. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. या कंपनीच्या जुन्या सायकलींवर एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफलींचं चिन्ह असे, ते उगाच नव्हतं.

नमुन्याच्या आकड्यापुढे चांदणी दिसली, तर ती १९१६ मध्ये आलेली सुटसुटीत आवृत्ती. महायुद्धात उत्पादन वाढवायचं होतं, म्हणून काही भाग गाळले गेले.

जन्मस्थान आणि मालकी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. बाणाच्या टोकासारखी खूण ब्रिटिश सरकारी मालाची. तिच्याखाली आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. एनफील्डला जन्मलेली रायफल इथे येऊन ही खूण मिरवू शकते. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि रायफल फॅक्टरी इशापूरची आर.एफ.आय. ही अक्षरं. १९६२ च्या चीन युद्धानंतर याच घाटाची ७.६२ मि.मी.ची रायफल तिथे निघाली. दहाऐवजी बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन ही तिची ओळख.

खोटे छापही असतात. खैबर खिंडीच्या परिसरातल्या कारागिरांनी हुबेहूब नकला केल्या, पण इंग्रजी अक्षरं उलटी पडत. व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं आणि खाली १९१९ साल असेल, तर काय समजायचं? राणी तर १९०१ मध्येच वारली!

माझ्या रायफलीवर आणखी दोन अक्षरं होती, डी.पी. म्हणजे फक्त कवायतीसाठी. असं हत्यार झाडण्याच्या लायकीचं मानत नाहीत. काडतूस घातलं तर चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटण्याचा धोका. ही अक्षरं ओळखता येणं म्हणजे नुसती हौस नव्हे.

जुन्या वाड्याच्या माळ्यावर असं काही सापडलं, तर पॉलिश पेपरनं घासू नका. गंजाबरोबर छापही जातो. शिवाय लष्करी काडतूस चालणारी रायफल विनापरवाना घरात ठेवणं गुन्हा आहे. तिला हात न लावता आधी पोलीस ठाण्याला कळवा.