उड्डाणाचे तास आणि मोल

विमान शिकविणारा शिक्षक इतर शिक्षकांहून एका बाबतीत वेगळा असतो. विद्यार्थ्याची चूक तो वहीत तांबड्या शाईने दुरुस्त करीत नाही. त्या चुकीच्या शेजारीच तो बसलेला असतो. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे छोटे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. तिला झोळी करून चिखलाच्या वाटेने बाहेर आणले ते तेथील आदिवासींनी.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरील प्रशिक्षणात तर दोनदा गुरू-शिष्य दोघेही गेले. २६ एप्रिल २०१७ रोजी वैनगंगेवर ताणलेल्या तारेला विमान धडकले. नदीवरची तार ती. विमान किती खाली होते हे सांगण्यास तज्ज्ञ कशाला हवा? १८ मार्च २०२३ रोजी दुसरे विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात पडले.

फुलंब्रीवरून सिल्लोड, अजिंठा करीत जाणारा रस्ता जळगावला पोहोचतो व पुढे चोपडा लागते. तेव्हा ही वार्ता आपल्याला परकी नाही. आपल्याकडेही मुलामुलींना वैमानिक व्हावेसे वाटते आणि त्यासाठी बाप कर्ज काढतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. ते तास पैशाने विकत मिळतात, आणि खरी मेख इथेच आहे. आभाळ भरून आले असता 'आज उड्डाण नाही' असे सांगणे हा प्रशिक्षकाचा सर्वांत मोलाचा पाठ. परंतु त्या पाठाची नोंद तासांच्या वहीत होत नाही. विद्यार्थी खोळंबतो, पालकांचा खर्च वाढतो, संस्थेचे विमान नुसते उभे राहते. 'नाही' म्हणणारा एकटा पडतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीला एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली. सुदैवाने प्राण वाचले. तिचे प्रशिक्षण मात्र थांबविण्यात आले. पुढे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा संस्थांची प्रतवारी सुरू केली, हे योग्यच झाले. तथापि तीत सुरक्षिततेला शंभरांपैकी वीसच गुण आहेत. शाळेत एवढ्या गुणांवर कोणी उत्तीर्ण होत नाही!

अपघाताच्या चौकशीचा हेतू शिक्षा करणे हा नसतो, पुनरावृत्ती टळावी हा असतो. मग तिचे अहवाल इंग्रजीत पडून का राहावेत? प्रवेशाच्या दिवशीच संस्थेने आपल्या अपघातांचे अहवाल, मराठी सारांशासह, पालकांच्या हाती ठेवावेत आणि मगच शुल्काची पावती फाडावी.