तबकडीची सुई आणि वर्ध्याचा उन्हाळा

ग्रामोफोनची तबकडी वाजविणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनी बोलून दाखविली होती. तबकडी ठेवावी, सुई टेकवावी आणि ऐकावे. त्यात सांगण्यासारखे ते काय? शंका रास्त आहे. परंतु अलीकडे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांतल्या जुन्या घरांतून माळ्यावरची यंत्रे पुन्हा खाली उतरू लागली आहेत, आणि ती उतरल्यापासून आठ दिवसांच्या आत चाळीस-पन्नास वर्षे जपलेल्या तबकड्या नासल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. तबकडीचे तसे नाही. एकदा निघून पुन्हा कधीच बाजारात न आलेल्या कितीतरी तबकड्या केवळ कोणाच्या तरी कपाटात उरल्या आहेत, आणि त्यांचा नाश चोर करीत नाही, वाळवीही फारसा करीत नाही. तो करते यंत्राची झिजलेली सुई.

तबकडीवर आवाज असतो म्हणजे काय असते, हे आधी पाहू. नांगराचे तास शेतात एकापुढे एक पडत जातात. तबकडीवर मात्र बाहेरच्या कडेपासून आत मध्यापर्यंत जाणारा एकच एक लांब चर असतो. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूचा हा चर सरळ उलगडला तर सुमारे सव्वाचारशे मीटर भरेल. चराच्या दोन्ही भिंती नागमोडी असतात, आणि ही नागमोड म्हणजेच गाणे. सुई चरातून जाते, नागमोडीप्रमाणे डुलते, आणि त्या डुलण्याची वीज होते. पुढचे भोंगे, ॲम्प्लिफायर, तारा यांचे काम त्यानंतरचे. सुईने जे उचललेच नाही ते पुढचे कोणतेही महाग यंत्र निर्माण करू शकत नाही. सबब खर्च करावयाचा तर तो सुईपासून सुरू करावा, असे आमचे मत आहे. आणि लोक नेमके उलट, भोंग्यापासून सुरू करतात.

आपल्याकडे दोन जातींच्या तबकड्या सापडतात आणि त्यांची गल्लत हे पहिले संकट होय. जुनी, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, पडली की फुटणारी तबकडी लाखेची. लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू असे तिचे मिश्रण असे. पळसावरची लाख आणि कापूस या दोन्ही वस्तू विदर्भाला काही नवीन नव्हेत. दुसरी तबकडी व्हिनिलची, मिनिटाला ३३⅓ किंवा ४५ फेऱ्यांची. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ साली ती लाँगप्ले म्हणून बाजारात आणली, आणि आपल्याकडे १९७० च्या सुमारास लाखेच्या तबकडीची जागा तिने पुरती घेतली. दोहोंचे चर सारखे नाहीत. ७८ च्या सुईचे टोक साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे असते, लाँगप्लेच्या सुईचे १८ च्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बारीक सुई ७८ च्या रुंद चरात घातली तर ती भिंतींना धरीतच नाही, तळाच्या कचऱ्यातून खरखरत जाते. जाड सुई लाँगप्लेवर घातली तर ती चराच्या वरच्या कडा फोडीत जाते. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता ऑक्टोबर १९३१ मध्ये कोलंबियाने त्यांच्या आवाजाची एक ७८ ची तबकडी काढली. ईश्वराविषयीचे इंग्रजी भाषण, दोन्ही बाजू मिळून सुमारे सहा मिनिटांचे. सेवाग्रामच्या या जिल्ह्यात ती तबकडी कोणाच्या घरी निघाली आणि लाँगप्लेच्या सुईने वाजविली गेली, तर आवाज ‘फार जुना आणि खराब’ आहे असे ऐकणारा म्हणेल. त्यातला बराचसा खराबपणा तबकडीत नसून सुईत असेल. जुन्या यंत्रांच्या कार्ट्रिजला बहुधा एक लहानशी खुंटी असते. ती उलटविली की एका जातीची सुई वर जाऊन दुसरी खाली येते. ही खुंटी कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे.

चावीच्या बाजावर पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलीत असत. सुयांच्या पत्र्याच्या चपट्या डब्या अनेकांनी पाहिल्या असतील. त्यामागे काटकसरीच्या उलट असा एक शहाणपणा होता: लाखेतली दगडाची भुकटी सुईला पहिल्या काही फेऱ्यांत घासून चराच्या आकाराची करी, झिजायचे ते सुईने झिजावे, तबकडीने नव्हे. विजेची यंत्रे आली, नीलमण्याच्या आणि मग हिऱ्याच्या सुया आल्या, आणि ‘हिरा झिजत नाही’ अशी समजूत पसरली. हिरा झिजतो. नीलमण्याची सुई पन्नासएक तासांत संपते, हिऱ्याची ५०० ते १००० तास जाते. तासाला तीन बाजू धरल्या तर ५०० तासांत सुई चरातून साडेसहाशे किलोमीटर जाते, म्हणजे वर्ध्याहून रुळांवरून निघाली तर इगतपुरी ओलांडून घाट उतरते आणि कसाऱ्याच्याही पुढे पोचते. एवढे चालल्यावर तिच्या गोल टोकाला दोन बाजूंनी पटाशीसारख्या धारा येतात. अशी सुई चराला वाचीत नाही, तासते. गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ फुटू लागले, तार सप्तकात आवाज चिरकू लागला, की पटाशी कामाला लागली असे समजावे. त्या वेळी सुई बदलली तरी झालेली इजा भरून येत नाही.

आता माळ्यावरून उतरलेल्या यंत्राचा विचार करा. त्यातली सुई शेवटची कधी बदलली ते घरात कोणाला ठाऊक नसते, ती बहुधा नीलमण्याची असते, आणि कार्ट्रिजमधले रबर इतक्या वर्षांत कडक झालेले असते. मंडळी उत्साहाने घरातली सर्वांत आवडती तबकडी पहिल्यांदा लावतात. नवी सुई बसेपर्यंत अशा यंत्राला तबकडी दाखवूच नये. फिरविण्याचे भाग तपासायचे असले तर तबकडीवाचून तपासता येतात.

ते भागही थोडक्यात सांगतो. थाळी उचलून मधल्या दांड्याचे जुने घट्ट झालेले वंगण पुसावे आणि शिवणयंत्राचे तेल दोन-तीन थेंब घालावे. खोबरेल घालू नये, ते थंडीत थिजते. तेल रबराला लागता कामा नये. यंत्र पट्ट्याचे असेल तर पट्टा नवा घ्यावा, तो सैल झालेलाच असतो. रबरी चाकाचे असेल तर चाक स्पिरिटने पुसावे. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिल्याने चाकाला खळगा पडला असेल तर प्रत्येक फेऱ्याला ‘धप धप’ ऐकू येते आणि मग चाक बदलण्यावाचून उपाय नाही.

वेग बरोबर आहे की नाही हे घड्याळाने नीट कळत नाही. वर्तुळावर समान अंतराच्या १८० काळ्या रेघा काढलेला कागद थाळीवर ठेवावा आणि आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर चालणाऱ्या निऑनच्या दिव्याखाली पाहावे. असा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. ३३⅓ चा वेग अचूक असला तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. ७८ साठी ७७ रेघा लागतात. हल्लीच्या पुष्कळ एलईडी दिव्यांखाली हा प्रयोग जमत नाही, कारण ते तसे लुकलुकत नाहीत. कोणाचे चिरंजीव अमेरिकेहून यंत्र पाठवितात, ते तर जास्तच फसविते: तिकडची वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिच्यावर बेतलेली जुन्या पद्धतीची मोटर दाब बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावूनही इथे ३३⅓ ऐवजी २८ च्या आत फिरते, आणि गायक उगीचच दमल्यासारखा वाटतो. मोटरची कप्पी बदलावी लागते. आपल्या संगीताला वेगाची चूक फार लवकर बाधते. शंभराला सहा इतका वेग वाढला की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. वेग हेलकावे खात असेल तर ते गाण्यापेक्षा तंबोऱ्यात आधी कळते, कारण तंबोऱ्याचा स्वर हलायचा नसतो. यंत्राची परीक्षा करताना आम्ही आलापाच्या आधीचा नुसता तंबोरा ऐकतो. जुन्या ७८ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट: लेबलवर ७८ छापले असले तरी मुद्रण दरवेळी नेमके ७८ वर होत असे असे नाही. गायकाची पट्टी ठाऊक असल्यास पेटी घेऊन वेग जुळवावा.

वेगानंतर वजन. चावीच्या बाजाचा साउंडबॉक्स तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकी. साध्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार चार ते सहा ग्रॅम, चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा दीड ते अडीच. भार कमी तेवढे चांगले, असे मात्र नव्हे. फार हलकी सुई चरात उडते आणि प्रत्येक उडीला भिंतीवर आदळते. कारखान्याने सांगितलेल्या मर्यादेत वरच्या बाजूचा आकडा धरावा. त्यासाठी सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. एका गृहस्थांनी सुई उडते म्हणून बाहूवर पाच रुपयांचे नाणे चिकटविले होते. वास्तविक त्यांचे यंत्र तिरपे होते. गवंड्याची पाणसळ थाळीवर ठेवून चारही बाजूंनी पातळी पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि यंत्राखाली एक जाड शहाबादी फरशी, फरशीखाली चार रबरी तुकडे हा दुसरा. भोंगा आणि यंत्र एकाच फळीवर ठेवू नयेत. भोंग्याचा हादरा सुई पुन्हा उचलते आणि तबल्याचा बायाँ घुमत राहतो.

सुई चरात सरळ बसणे ही बाब जरा किचकट आहे, पण ख्याल ऐकणाऱ्याने ती टाळू नये. लाँगप्लेच्या बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जातो, अगदी आत २१ सेंटिमीटरने. तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहून कमी जागा मिळते. म्हणून सुईचा तिरपेपणा बाहेर खपतो, आत खपत नाही. आणि आपली बैठक अशी की विलंबित बाहेर, द्रुत आत! ताना ऐन भरात येतात तेव्हा सुई सर्वांत अडचणीच्या जागी असते. पुष्कळांना वाटते की शेवटी गायकाचा आवाज फाटला. मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर खुणा असलेला कागदी मापक मिळतो. दोन्ही खुणांवर कार्ट्रिज रेघांना समांतर येईपर्यंत तिचे दोन स्क्रू सैल करून सरकवावी. अर्धा तास जातो. आमच्या अनुभवात नव्या भोंग्यांनी पडला नाही एवढा फरक या अर्ध्या तासाने पडला आहे.

एवढे झाल्यावर यंत्र वाढविण्याची गोष्ट. सिरॅमिक कार्ट्रिज काढून मॅग्नेटिक बसवावी, असा सल्ला सर्रास मिळतो. बाहू हलका आणि त्याचे सांधे घट्ट असतील तरच तो मानावा. जुन्या पेटीवजा यंत्रांचा जड बाहू दोन ग्रॅमवर चालतच नाही, तेथे नवी सिरॅमिक सुई घालून समाधान मानावे, किंवा बेताचे दुसरे यंत्र घ्यावे. शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिज तीन ते पाच मिलिव्होल्ट एवढीच वीज देते, सिरॅमिक त्याच्या शंभरपट देऊ शकते. म्हणून मध्ये फोनो प्रीॲम्प्लिफायर लागतो. तो आवाज वाढवितो, पण तेवढेच करीत नाही: तबकडी कापताना खर्जाचे स्वर दाबलेले आणि उंच स्वर चढविलेले असतात, ते प्रमाण १९५४ साली अमेरिकेत ठरले, प्रीॲम्प्लिफायर तेच उलटे फिरवून मूळ तोल आणतो. त्याआधीच्या ७८ ची प्रमाणे निरनिराळी होती, तेथे कानाने जुळवावे लागते. घूं-घूं आवाज येत असेल तर यंत्राची जमिनीची तार ॲम्प्लिफायरला जोडली आहे का ते प्रथम पाहावे.

राहता राहिला आपला उन्हाळा. वैशाखात येथे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी अधिक. व्हिनिल साठ अंशांच्या जवळपास मऊ होते, पण वजनाखाली त्याआधीच हळूहळू वाकते. तबकड्या आडव्या रचू नयेत, तिरप्या टेकवू नयेत. पुस्तकांसारख्या सरळ उभ्या, आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून थोड्या वर ठेवाव्यात. उभ्या मोटारीत तर तासभरही ठेवू नयेत. जिनिंग चालू असतानाच्या दिवसांत हवेतला कापसाचा तंतू सुईला गुंडाळतो. प्रत्येक बाजूनंतर मऊ कुंचल्याने सुई मागून पुढे झाडावी. तबकडी धुवायला विहिरीचे जड पाणी नको, क्षार चरात बसतात. बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर घ्यावे.

व्हिनिल धुताना त्या पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात ते चालते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिटचा थेंब लावू नये. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवितो, हे लहानपणापासून पाहिले असूनही आम्ही ते विसरलो. आमच्याकडे भजनांच्या दोन ७८ होत्या. लेबले पुसट झालेली, गाणाऱ्या बाईंचे नाव घरात कोणालाच सांगता येत नव्हते. पहिली आम्ही स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ केली. बोळा काळा झाला तेव्हा मळ निघतो आहे असे वाटले. वाळल्यावर तबकडी राखेसारखी दिसू लागली आणि वाजविली तर केवळ सरसर. दुसरी तशीच मळकी ठेवली. सात-आठ महिन्यांनी ७८ ची योग्य सुई मिळाली, तेव्हा ती साध्या डिस्टिल्ड पाण्याने, लेबल कोरडे राखून धुतली, दोन दिवस सावलीत वाळविली, आणि एकदाच वाजवून त्याच वेळी संगणकावर तिची नक्कल घेतली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, भजन संपल्यावर, बाई आपले नाव सांगतात.