लेस्टरहून पेन्शनपुऱ्यात

हिंगोलीत पेन्शनपुरा नावाची वस्ती आहे. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार ही नावंही आमच्याच गावातली. निजामाच्या राज्यात हिंगोली लष्करी ठाणं होतं, हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेचा इथे मुक्काम असे. 1903 मध्ये ती फौज ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात मिसळून गेली. फौज गेली, नावं मात्र राहिली. माझी थोरली बहीण आणि दाजी 2016 च्या नोव्हेंबरात लेस्टरहून कायमचे परत आले आणि त्यांनी पेन्शनपुऱ्यातच घर भाड्याने घेतलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

दाजी 1979 साली डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले. पुढची सदतीस वर्षं तिथेच नोकरी केली. आक्काचे गुडघे थंडीने धरायचे. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो आणि घर गरम ठेवायचं बिल पाहिलं की पोटात गोळा येतो, असं ती फोनवर सांगायची. तिथले बरेच निवृत्त लोक अशा वेळी स्पेन, पोर्तुगाल किंवा थायलंड गाठतात. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्याला निवृत्तीचा व्हिसा मिळतो, त्यासाठी बँकेत 8 लाख बाथ किंवा महिना 65,000 बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. आक्काला यातलं काहीच नको होतं. ऊन हवं, स्वस्ताई हवी आणि भाजी आणायला गेलं की 'कधी आलात?' असं विचारणारं कुणीतरी हवं. हे तिला हिंगोलीतच मिळणार होतं.

मी बँकेतून निवृत्त झाले आहे. परदेशातून आलेल्यांची खाती मी अनेक वर्षं सांभाळली, म्हणून आक्काचे कागदही माझ्याच हातून गेले. त्यातून जे शिकायला मिळालं, ते परदेशातल्या मराठी माणसांना कळावं, असं मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठी गोष्ट पेन्शनची. ब्रिटनचं सरकारी पेन्शन भारतात मिळतं, पण दरवर्षी वाढत नाही. तुम्ही कायमचे इकडे आलात की तेव्हाचा आकडा तसाच गोठतो. अमेरिका, फिलिपिन्स, मॉरिशस अशा देशांत राहणाऱ्यांचं वाढतं. भारत, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांचं वाढत नाही. 2016-17 मध्ये पूर्ण नवं पेन्शन आठवड्याला 155.65 पौंड होतं, 2025-26 मध्ये ते 230.25 पौंड झालं. जुन्या आकड्यावर अडकलेल्या माणसाला यात वर्षाला जवळपास 3,880 पौंडांची तफावत पडते. सदतीस वर्षं कर भरलेल्या माणसावर केवळ त्याने म्हातारपणी कुठे राहायचं ठरवलं म्हणून ही वेळ यावी, हा उघड अन्याय आहे. रुपया घसरत गेल्यामुळे हातात येणारी रक्कम फार आटलेली दिसत नाही, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. दाजींना तिथल्या आरोग्य सेवेचं वेगळं पेन्शन आहे, ते मात्र इथेही वाढतं. घर चालतं ते त्याच्या जोरावर.

दुसरा मुद्दा नागरिकत्वाचा. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं त्या दिवशी आपलं भारतीय नागरिकत्व संपलं, हे अनेकांच्या मनाला पटतच नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर आयुष्यभर इथे राहता येतं, घर घेता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दाजींना चार एकर घेऊन हळद लावायचा फार उत्साह आला होता. मला नाही म्हणावं लागलं. वडिलोपार्जित जमीन वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

करात मात्र थोडी उसंत मिळते. बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं 'निवासी, पण सर्वसाधारणपणे निवासी नाही' असा दर्जा मिळू शकतो आणि तेवढ्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. ठेवी मोडायच्या, घर विकायचं, तर ते याच काळात नीट बसवावं. अनिवासी भारतीयांचं एनआरई खातं मात्र परतल्यावर तसंच चालू ठेवायचं नसतं, बँकेला कळवून बदलून घ्यायचं असतं. बरेच जण हे वर्षानुवर्षं करत नाहीत आणि पुढे अडचणीत येतात.

स्वस्ताईचं म्हणाल तर ती खरी आहे. भाडं, भाजी, ज्वारी, स्वयंपाकाची बाई, सगळं मिळून लेस्टरच्या नुसत्या वीज-गॅसच्या बिलात बसतं, असं आक्का सांगते. पण म्हातारपणाचा मोठा खर्च ज्वारीवर होत नाही. तिसऱ्या वर्षी रात्री दोनला दाजींच्या छातीत कळ आली. स्वतः डॉक्टर असल्यामुळे काय झालंय ते त्यांना कळत होतं. गावातल्या एका दवाखान्यात त्या वेळी हृदयाचा डॉक्टर नव्हता. गाडी करून नांदेडला निघालो. आक्का मागच्या सीटवर त्यांचा हात धरून बसली होती आणि दाजी तिला शांतपणे स्वतःच्या नाडीचे ठोके मोजून सांगत होते. वाचले. पण त्या रात्रीचा रस्ता मला आजही संपत नाही. दवाखान्याचं सगळं बिल खिशातून गेलं, कारण विमा काढायचा राहिला होता. इंग्लंड कायमचं सोडल्यावर तिथली मोफत रुग्णालयसेवाही हक्काची राहत नाही. 1 एप्रिल 2024 पासून पासष्टीनंतरही नवा आरोग्य विमा काढता येतो, पण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून विमा आल्या-आल्या काढायचा. घरी राहून शुश्रूषा करणारी सेविका हवी असेल, तर तीही सहज मिळत नाही.

आणि ऊन. थंडीला कंटाळून आलेल्या आक्काने पहिला मे महिना वाळ्याच्या पडद्याआड, ओला पंचा डोक्यावर ठेवून काढला. बेचाळीस अंश काय असतात, ते चाळीस वर्षांत ती विसरली होती. आता ती पहाटे पाचला फिरून येते, अकराला दार लावते आणि संध्याकाळी ओट्यावर बसते. नऊ वर्षांत गुडघ्यांची तक्रार तिने एकदाही केलेली नाही.

दरवेळी इंग्लंडहून हयातीच्या दाखल्याचा लिफाफा आला की ती तो माझ्याकडे घेऊन येते. साक्षीदाराची सही, तारीख, शिक्का, सगळं आम्ही दोनदा तपासतो. तो वेळेत परत पोचला नाही तर पेन्शन थांबतं.

तुमच्यापैकी कुणी परत यायचा विचार करत असेल, तर दिवाळीत येऊन ठरवू नका. तेव्हा इथे सगळंच छान असतं. मे महिन्यात या, भाड्याच्या घरात दीड महिना राहा, रात्री एकदा नांदेडला गाडीने जाऊन पाहा. तोवर तिकडचं घर विकू नका.