मूल वाईट कीं सवय वाईट?

चार-पांच वर्षांच्या मुलानें बहिणीची भातुकली उधळली, कीं घरांतून पहिला शब्द निघतो, ‘द्वाडच आहेस तूं!’ बोलणारा तें घटकाभरांत विसरतो. मूल विसरत नाहीं. आपले डोळे काळे, तसेच आपण द्वाड, अशी त्याची समजूत होते. आणि जें बदलणारच नाहीं, त्यासाठीं धडपड कोण करील?

मेलिसा कॅमिन्स व कॅरोल ड्वेक या अमेरिकन विदुषींनीं बाहुल्यांच्या खेळांतून लहान मुलांवर केलेले प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाले. चुकीबद्दल ज्यांच्या स्वभावालाच दोष दिला, तीं मुलें पुढील अपयशाच्या वेळीं लवकर खचलीं. ज्यांना दुसरी रीत शोधण्यास सुचविलें, तीं अधिक उमेदीनें प्रयत्नास लागलीं.

म्हणून दोष कृत्याला द्यावा, मुलाला नव्हे. ‘भांडीं उधळलींस, चिमीला रडूं आलें; चल, पुन्हा मांडूं,’ असें म्हणावें. झालेलें नुकसान मुलाच्याच हातून भरून निघावें. शिवाय नवी वाट दाखवावी: ‘मलाही खेळायला घे’ असें म्हणण्यास शिकवावें. मूल तसें वागलें, कीं लगेच बोलून दाखवावें, ‘काल उधळलींस, आज मागून घेतलींस.’

सवय एका दिवसांत जात नाहीं. भातुकली पुन्हा उधळली जाईल. त्या वेळीं ‘मूळ स्वभाव जाईना’ हे शब्द ओठांतच ठेवावे. वाल्याचा वाल्मीकि झाला, ही आजीची गोष्ट मुलाला पटते, ती स्वतःमधला असा एखादा लहानसा पालट त्यानें पाहिल्यावरच.