स्वतःचं कंट्रोल: विंडो क्लास ते डब्ल्यूपीएफ

1990 च्या सुमारास विंडोजवर स्वतःचं कंट्रोल (बटणासारखा पडद्यावरचा घटक) बनवायचं म्हणजे सी भाषेत विंडो क्लास नोंदवायचा आणि एक लांबलचक फंक्शन लिहायचं. माउस दाबला, कळ दाबली, अमुक भाग पुन्हा रंगवा, असा प्रत्येक मेसेज त्याच फंक्शनकडे येई.

1991 मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं आणि तयार कंट्रोल उचलून फॉर्मवर ठेवणं अगदी सोपं झालं. पण व्हीबीएक्स नावाची ती कंट्रोल्स खुद्द व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिता येत नसत. त्यासाठी पुन्हा सी किंवा सी++ गाठावं लागे. शिवाय व्हीबीएक्स 16 बिटांशी जखडलेलं. 32 बिटांचं विंडोज आलं, तशी ती मेहनत मोडीत निघाली.

वापरणारा आणि घडवणारा यांच्यातली ही भिंत पाडली 1995 मध्ये बोरलँडच्या डेल्फीनं. त्याचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग. फॉर्मचा कोड ज्या ऑब्जेक्ट पास्कलमध्ये, त्याच भाषेत कंट्रोलही. टीकस्टमकंट्रोल या तयार क्लासपासून नवा क्लास काढायचा, पेंट मेथड ओव्हरराइड करायची. प्रॉपर्टी पब्लिश्ड विभागात लिहून कंट्रोल पॅलेटवर बसवलं, की ती ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये आपोआप दिसे. महागड्या आवृत्त्यांसोबत डेल्फीच्या व्हीसीएल या कंट्रोल लायब्ररीचा सोर्स कोडही मिळे. बोरलँडनं बटण कसं लिहिलंय ते वाचावं आणि आपलं लिहावं. माझ्या मते या कामाची त्याहून चांगली शाळा झाली नाही.

व्हिज्युअल बेसिकमध्येच कंट्रोल लिहिण्याची सोय 1997 च्या पाचव्या आवृत्तीत आली. हेल्सबर्ग तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले होते, आणि तिथल्या 2002 च्या विंडोज फॉर्म्समध्ये डेल्फीची छाप जाणवते. मायक्रोसॉफ्टच्याच 2006 च्या डब्ल्यूपीएफनं कंट्रोलचं वागणं आणि दिसणं वेगळं काढलं. नुसतं बटण गोल करायचं तर टेम्प्लेट बदलणं पुरे, नवा क्लास कशाला?

एक काम मात्र सतत मागे पडत आलं. स्वतः रंगवलेलं कंट्रोल डोळ्यांना दिसतं, पण त्याचं नाव, प्रकार आणि स्थिती कोडमधून कळवली नाही तर स्क्रीन रीडरला ते समजत नाही. ही माहिती कळवण्यासाठी मायक्रोसॉफ्टनं 1997 मध्ये ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणली, पुढे यूआय ऑटोमेशन; तरी अगदी नव्या कंट्रोलसाठी हा कोड क्लास लिहिणाऱ्यालाच लिहावा लागतो, आणि घाईत तोच आधी गळतो. दृष्टिहीन माणसाचं रोजचं काम त्यापायी अडतं. म्हणून नवा क्लास लिहायला बसाल तेव्हा तो तयार कंट्रोलमधून काढता येतो का ते आधी पाहा. नसेल येत, तर रंगरूपाआधी टॅब कळीची आणि स्क्रीन रीडरची सोय करा.